तानाबाईचं माप

सन एक्क्याऐंशी, म्हणजे अपंगांचं साल. त्यामुळे कारंजा गावाजवळच्या आमच्या महारोग्यांच्या वसाहतीतही खेळ ठेवले. झडलेल्या बोटांत चेंडू राहत नाही, म्हणून चिंध्यांचे मोठाले चेंडू शिवले. दोन्ही तळव्यांत धरायचे आणि जिवाच्या जोरानं फेकायचे. कोणाचा चेंडू किती लांब गेला ते आमच्यातलीच तानाबाई पावलं टाकून मोजायची. चौदा पावलांवर हरिदास जिंकला.

बक्षीस द्यायला शेजारच्या गावचे बडे शेतकरी अण्णाजी आले होते. जीपला पाठ टेकवून, नाकाला रुमाल लावूनच त्यांनी भाषण ठोकलं, "या लोकायले दूर लोटू नका. जवळ घ्या." आम्हीही जमतील तशा टाळ्या वाजवल्या.

मग रिबिनीचं पदक घ्यायला हरिदास पुढे निघाला, तर हेच अण्णाजी खेकसले, "तिथंच थांब बे! जवळ काऊन येऊन राह्यला?" आणि उभ्या जागेवरून त्यांनी पदक भिरकावलं. ते हरिदासच्या पायाशी धुळीत पडलं.

तानाबाईनं दोन तळव्यांत धरून पदक उचललं आणि मोठ्यानं पावलं मोजत ती सरळ जीपकडे निघाली. अण्णाजींना मागे सरकायला जागा नव्हती.



"अठरा!" त्यांच्या रुमालापुढे थांबून ती म्हणाली. "पयला नंबर तुमचा आला, अण्णाजी. मान वाकवा."