चेअरमनचा चहा

साखर कारखान्याची निवडणूक आठ दिवसांवर आली होती. प्रचाराला निघालेले चेअरमन रंगराव सभासद हौसाबाईंच्या ओसरीवर टेकले. बिनसाखरेचा चहा मागून घेतला आणि सवयीने खिशातली डबी काढून कपात शुगर-फ्रीची गोळी टाकली.

हौसाबाई बघत होत्या. "तीस वर्षं तुमच्या कारखान्याला ऊस घालतोय आम्ही," त्या म्हणाल्या. "चेअरमनलाच साखर चालंना, मग ती खायची कुणी?"

ओसरीवर बसलेली आठ मतं कपाकडे बघू लागली.

"दुसरा कप आणा, मावशी. साखरेचा," रंगराव म्हणाले.

गोष्ट गावोगाव पोचली. आठवडाभर प्रत्येक घरात त्यांच्यापुढे साखरेचाच चहा आला आणि त्यांनी तो संपवला.

ते निवडून आले. विजयाची मिरवणूक दवाखान्यावरून गेली, तेव्हा सलाईन नसलेला हात त्यांनी खिडकीतून हलवला.