कोरमची बाई

अकरा वाजून गेले तरी तिसरी उमेदवार आली नव्हती आणि चांगुणाचा जीव टांगणीला लागला होता. मुलाखतीला निदान तिघी हव्यात. दोघीच राहिल्या तर आजची मुलाखत रद्द.

"येईल गं. कोरमच्या बाया कधी उशीर करत न्हाईत," सालेहा म्हणाली.

तिला अनुभव होता. वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. झालेल्या या दोघी मैत्रिणी चौदा वर्षं नांदेड, उमरी, रेणापूर अशा फिरत होत्या. साहेबराव सरांचा फोन आला की जायचं, हजेरीवर सही करायची, दोन प्रश्नांना आठवत नाही म्हणायचं आणि परत यायचं. जागा आधीच कुणाची तरी ठरलेली असे. सर चांगुणाचे मार्गदर्शक. दर वेळी म्हणत, पुढची तुझी. नवा जिल्हा झाला की कॉलेजं वाढतील. जिल्हा चर्चेतच राहिला, चांगुणा त्रेचाळीस वर्षांची झाली. यंदा तर प्यायला पाणी नाही म्हणून मुलं गाव सोडून गेली, वर्ग ओस पडले आणि तिच्या तासिकाही बंद झाल्या.

पण काल सरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, जळकोटची ही जागा तिचीच. पाण्याच्या ताणात झाड तग कसं धरतं, यावरच प्रश्न येतील. आणि एक छोटं काम. तिसरी मुलगी नवखी आहे; अगदीच मुकी बसली तर बाहेरच्या तज्ज्ञांना संशय येईल. तिला जरा सांभाळून घे.

सव्वाअकराला ती आली. शरणम्मा नाव. तिशीच्या आतली, घामाघूम, हातात नुसती प्रमाणपत्रांची फाइल. चांगुणाने आपल्या बाटलीतलं पाणी तिला दिलं.

"काय वाचून आलीस?"

"काहीच न्हाई, मॅडम."

"परीक्षा तुझी हाय का हिची?" सालेहा पुटपुटली.

पण घाबरलेलं लेकरू चांगुणाला बघवत नसे. खिडकीबाहेर एक बाभूळ तेवढी हिरवी होती. तिची मुळं कुठवर जातात, पानं एवढी बारीक का, भर उन्हात पानांवरची छिद्रं का मिटतात, असं एकेक विचारत, चुकलं की न रागावता पुन्हा सांगत तिनं अर्ध्या तासात सगळं उलगडून दाखवलं. पोरगी हुशार होती. शेवटी तर तिनं आपणहून, पानं गुंडाळून घेणाऱ्या ज्वारीचं उदाहरण दिलं. चांगुणाचं मन भरून आलं.

सालेहा दोन मिनिटांत बाहेर आली. चांगुणाला समितीत बसलेल्या सरांनी नाव विचारलं, वय विचारलं आणि 'या आता' म्हणाले. ठरलेल्याला काय विचारायचं, असं तिनं मनाशी धरलं.

शरणम्मा आत पंचवीस मिनिटं होती. दाराआडून चांगुणाला स्वतःचीच वाक्यं ऐकू येत राहिली. सालेहाने तिचा हात धरला.

दार उघडलं. शरणम्मा थेट चांगुणाच्या पायांवर वाकली. डोळे भरले होते तिचे.

"झालं माझं, मॅडम. मी लई घाबरले होते. पण सर दोन महिन्यांपूर्वीच बोलले होते, तू काही वाचत बसू नको, त्या दिवशी बाहेर चांगुणा मॅडम असतील."