ढगाखालची चूक

कुलूप नीट लागलंय ना, म्हणून आजोबांनी कपाटाची मूठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. लागलं होतं. किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकून त्यांनी वरून हात दाबला, तोच खाली गाडीचं दार वाजलं. मग जिन्यावर धडधड सुरू झाली.

"आली तुमची सेना," आजी स्वयंपाकघरातून म्हणाली. "मुलं आहेत, दरोडेखोर नाहीत. चेहरा जरा सैल सोडा."

आजोबांनी घाईघाईने पांढरे सुती हातमोजे काढून उशीखाली सारले. बायकोला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिने लेकीला सांगितलं असतं, आणि "माझ्या पोरांवर एवढा अविश्वास?" म्हणून लेक रुसली असती.

सगळा जीव टांगला होता तो भिंतीवर चौकटीत लावलेल्या पानापायी. आजोबांच्या थोरल्या भावाने चित्रकथा काढण्यात जन्म घालवला, आणि त्याने काढलेलं हे शेवटचं पान. छापील प्रती गावभर झाल्या. पण त्याच्या हातची शाई लागलेलं पान हे एवढंच उरलं होतं. त्यातल्या शेवटच्या चित्रात एक पक्षी चुकला, तेव्हा भावाने त्यावर पांढऱ्या रंगाचा जाड थर देऊन ढग केला होता. "चूक झाकली की ढग होतो," असं तो हसून म्हणायचा.

सोमवारी ग्रंथालयाची माणसं हे पान प्रदर्शनासाठी न्यायला येणार होती. माहितीपत्रकासाठी त्यांनी त्याची एक नक्कलही काढून दिली होती, तसल्याच जाड कागदावर. चष्मा पुसपुसून पाहिलं तरी दोन्हींत फरक सापडेना. "बोट फिरवलंत तर कळेल," छापखानेवाला म्हणाला होता. आजोबा त्याच्यावर उखडले. भाऊ गेल्यापासून त्या पानाला त्यांनी स्वतःचंही उघडं बोट लागू दिलं नव्हतं.

मागच्या खेपेला नातवंडांनी नव्या पडद्यावर हत्ती काढला होता. म्हणून आज सकाळी, आजी आंघोळीला गेल्यावर, आजोबांनी हातमोजे चढवले. चौकटीतलं पान कपाटात गेलं आणि टेबलाच्या खालच्या खणातल्या पिशवीतली नक्कल चौकटीत आली.

"आजोबाऽऽ!" बिट्टी आत घुसली. मागून टिल्लू, बगलेत चेंडू घेऊन.

"चेंडू बाहेर," आजोबा म्हणाले.

"बाबा, आल्या आल्या?" लेक म्हणाली.

"मी कुठे काय म्हटलं?"

आजी दूध आणायला खाली गेली. लेक फोन घेऊन गच्चीत उभी राहिली. बिट्टीने टेबलावर आपले रंग मांडले. आजोबा खुर्ची भिंतीला लावून पहारेकऱ्यासारखे बसले. किल्ली खिशात होती, तरी टिल्लूने चेंडू उचलला की ते खुर्चीतून अर्धे उठत. सवय म्हातारी असते, लवकर मरत नाही.

पाणी प्यायला म्हणून ते स्वयंपाकघरात गेले, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून धप्प असा आवाज आला. चेंडू असेल, म्हणून त्यांनी आधी पाणी संपवलं. पण मग सगळं शांत. घरात मुलं असताना शांतता वाईट.

ते धावत आले. चौकट कोचावर पालथी पडली होती. सकाळी घाईत मागचे खिळे नीट दाबले गेले नव्हते. पुठ्ठा सुटून पान बाहेर आलं होतं. ते आता टेबलावर होतं, आणि बिट्टी त्यावर वाकून ब्रशने आकाश हिरवं करत होती.

"अगं ए!" आजोबांचा आवाज फाटला. त्यांनी हात उगारला. मग खिशातली किल्ली छातीला टोचली, आणि हात हवेतच सैल पडला.

लेक धावत आली. पान पाहून तिचा चेहरा पांढराफटक झाला. "बाबा... मोठ्या काकांचं..." तिने बिट्टीच्या पाठीत धपाटा घालायला हात उचलला.

आजोबांनी तो वरच्या वर धरला. "मारू नकोस. रंगवू दे."

"बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"झकास वाटतंय!" आणि ते खरंच खुर्ची ओढून पोरांमध्ये बसले. किती वर्षांत असं बसले नव्हते. टिल्लूने ब्रश बुडवायचा पेला लवंडला, पाणी दोन चित्रांवरून ओघळलं, तरी आजोबा खो खो हसले.

"ढग पांढराच ठेवू?" बिट्टीने विचारलं.

"पांढरा कशाला? लाल कर!" त्यांनी स्वतः लाल रंगाची बाटली उघडून दिली.

दार लोटून आजी आली. दुधाची पिशवी हातात तशीच राहिली. तिने टेबलाकडे पाहिलं, हसणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि हुश्श करून कोचावर बसली.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं तर! मी आपली उगाच घाबरत होते."

"काय कळलं?"

"परवा तुम्ही केस कापायला गेलात ना, तेव्हाच मी अदलाबदल केली. नक्कल चौकटीत, आणि खरं पान खालच्या खणात, नकलेच्या पिशवीत. सांगितलं असतं तर पानाला हात लावला म्हणून घर डोक्यावर घेतलं असतंत. तुमचे हातमोजे घालूनच केलं हो सगळं!"

आजोबांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला.

लाल झालेल्या ढगावरून बिट्टीने बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"आजोबा," ती म्हणाली, "हा ढग हाताला लागतो."