चारही चुली पेटत्या

पत्ता सांगताना त्याने आवाज मुद्दाम जरा चढवला.

"हो, जुन्या गोदामासमोर. घाऊकचं नवं दुकान ना? पाच वजनकाटे एकदम? उद्या दुपारी येतो, साहेब."

फोनच्या पलीकडे कोणीच नव्हतं. दुकान होतं, पण ते त्याच्या एका मित्राचं, रिकामं पडलेलं. शेजारच्या टेबलावर साखऱ्या मान खाली घालून दरपत्रक टाइप करत होता. जिभेवर सदा साखर, म्हणून हे नाव. त्याने ऐकलं होतं हे नक्की. त्याची बोटं क्षणभर थांबली होती.

गळ टाकून झाला.

गेले काही आठवडे हेच चाललं होतं. नवं गिऱ्हाईक शोधायचं, फोनवर घोळात घ्यायचं, आणि भेटीला जावं तर समोरचा म्हणायचा, "अहो, दुसऱ्या कंपनीचे एक गृहस्थ आत्ताच येऊन गेले. कामातला माणूस. त्यांनाच हो म्हणून टाकलं." साहेबांनी परवा स्पष्ट सांगितलं होतं, या महिन्यात नवं गिऱ्हाईक आलं नाही तर हे टेबल रिकामं करायचं. कोणीतरी घरभेदी होता, एवढं कळायला फार अक्कल लागत नव्हती.

संध्याकाळी जेवताना वडिलांनी नेहमीचं विचारलं, "काय, चुली पेटत्या आहेत ना?"

वडिलांनीही उभा जन्म वजनकाटेच विकले होते. विक्रीचं काम म्हणजे चार चुलींवरचा स्वयंपाक, हे त्यांचं लाडकं म्हणणं. सकाळी नव्या लोकांना फोन, मग गाठीभेटी, दुपारी जुन्या गिऱ्हाइकांची विचारपूस, संध्याकाळी दरपत्रकं आणि पाठपुरावा. एकीपाशीच बसून राहिलं की दुसरीवरचं करपतं. भेटीला जायचीही त्यांची रीत ठरलेली. दारात उभं राहून आधी बुटाचं टोक दुसऱ्या पायाच्या पोटरीवर पुसायचं, डावं, मग उजवं, आणि मगच दार वाजवायचं. लहानपणी याची नक्कल करून तो आईला हसवायचा.

निवृत्त झाल्यावर वर्षभर ते भिंतीकडे बघत बसायचे. तेव्हा त्यांच्याकडे बघवत नसे. हल्ली मात्र नूरच पालटला होता. सकाळी फिरायला म्हणून जायचे ते जेवायच्या वेळेलाच उगवायचे, दोन घास जास्त खायचे, कधीकधी गुणगुणायचेसुद्धा. संध्याकाळच्या आपल्या धंद्याच्या गप्पांचाच हा गुण, असं तो बायकोला मोठ्या कौतुकाने सांगायचा.

"पेटत्या आहेत," तो म्हणाला, "पण शिजलेलं दुसराच वाढून घेतोय. या महिन्यात काही जमलं नाही तर नोकरी जाईल, बाबा."

वडिलांनी हातातला घास ताटात ठेवला. पाणी प्यायले.

"तुझं वय आहे," ते म्हणाले. "तुला दुसरी मिळेल."

धीर द्यायची त्यांची ही पद्धत असावी, असं त्याला वाटलं.

"गिऱ्हाईक थंड होऊ देतोस तू," ते पुढे म्हणाले. "फोन झाला की लगेच उठून जावं. उद्या कुठे आहे?"

सापळ्याचं सांगून त्यांची झोप कशाला उडवायची? त्याने ऑफिसात सांगितलं तेच सांगितलं. जुन्या गोदामासमोर, घाऊकचं दुकान, दुपारी.

"घाऊक," वडील म्हणाले, आणि ताटातला घास पुन्हा उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो दुकानात शिरला आणि शटर गुडघाभर उघडं ठेवून आत स्टुलावर बसला. दुसऱ्या कंपनीचा माणूस आला की त्याला आत घ्यायचं, पत्ता कोणी दिला ते वदवून घ्यायचं. मग साखऱ्याला साहेबांसमोर उभा करायचा.

सापळा लावला म्हणून चुली विझवून चालणार नव्हतं. फटीवर डोळा ठेवून त्याने नव्या लोकांना फोन केले. बहुतेकांनी मध्येच कापले. एका बेकरीवाल्याचा काटा काही केल्या शून्यावर येत नव्हता, त्याची दबक्या आवाजात समजूत घातली. मांडीवर कागद धरून एक दरपत्रक दुरुस्त केलं. फटीतून चपला जात होत्या, सायकलींची चाकं जात होती. कोणी थांबत नव्हतं.

फोन थरथरला. साखऱ्या.

"ऐक, त्या घाऊकवाल्याकडे दुपारपर्यंत थांबू नकोस," साखऱ्या हळू आवाजात म्हणाला. "आत्ताच जा. काल तू पत्ता एवढ्या मोठ्याने बोललास, माझ्याच काळजात चर्र झालं. या वेळी तरी तुझ्याआधी कोणी पोचायला नको. साहेबांनी विचारलं तर मी सांगतो, बेकरीवाल्याकडे गेलाय म्हणून."

"बरं," तो म्हणाला. ज्याला चोर ठरवला तो त्याच्यासाठी साहेबांशी खोटं बोलायला निघाला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. आता कोणी येणार नव्हतं. त्याने कागद आवरले आणि शटर वर करायला खाली वाकला.

फटीसमोर दोन बूट येऊन थांबले. जुने, पण चकचकीत. शेजारी एक काळी बॅग टेकली. तिच्यावर दुसऱ्या कंपनीचं नाव होतं.

त्याने शटरकडे नेलेला हात मागे घेतला.

बाहेरच्या माणसाने डावा बूट उचलून उजव्या पोटरीवर पुसला, मग उजवा डाव्या पोटरीवर, आणि मगच शटर वाजवलं.