पहाटेची पडताळणी

"आज मीही बसतो तुमच्यासोबत," म्हणत हॅस्लेट हो-नाहीची वाट न बघता रोलंडच्या गाडीत शिरला. मांडीवर हात ठेवून सैलावला. "वा! सीट मस्त गरम आहे हो. एवढ्या जुन्या गाडीत ही सोय?"

"मिळते थोडीफार ऊब," रोलंड म्हणाला. हॅस्लेटच्या पाठीमागे अडकलेली लाल लोकरी टोपी त्याने ओढून काढली आणि मागच्या सीटवर टाकली.

बाहेर ऑल्डरब्रुक धुक्यात बुडालं होतं. उजाडायला अवकाश होता. घरं दिसतच नव्हती, नुसत्या पिवळ्या खिडक्या हवेत राहिल्या होत्या. शाळेच्या मैदानाकडून कुणीतरी एकटाच ट्रम्पेट वाजवत होता. तीच ओळ चुकायचा, थांबायचा, पुन्हा धरायचा.

रोलंड शाळा मंडळाचा तपासनीस होता. शाळा सरकारी, फी नाही, पण ती फक्त गावात राहणाऱ्यांच्या मुलांना. बाहेरची मुलं खोटा पत्ता देऊन आत येतात, ती हुडकणं हे त्याचं काम. ऑल्डरब्रुकचं हायस्कूल राज्यात तिसरं. इथे घर बघायला येणारी माणसं आधी तो क्रमांक विचारतात, मग छत गळतं का ते. गळत असलं तरी घेतात म्हणा.

हॅस्लेटनेही तसंच घेतलं होतं. आणि समोरच्या मिसेस ड्युवालच्या नातीबद्दल, नेरिसाबद्दल, तक्रारही त्यानेच केली होती.

"मुलगी रात्री त्या घरात नसते, लिहून घ्या माझ्याकडून," तो म्हणाला. "संध्याकाळी कधी दिसली नाही मला. असल्या पोरांमुळेच क्रमांक घसरतो. तिसऱ्याचा पाचवा झाला तर आमच्या घराला कोण विचारणार?"

"तुमची मुलं कितवीत आहेत?"

"एकच आहे. पाळण्यात." हॅस्लेट जरा ओशाळला. "पण बायको म्हणाली, घर घ्यायचं तर इथेच. तुम्ही कुठे राहता?"

"नदीपलीकडे."

"मग तुम्हाला नाही कळायचं."

"नाही कळत," रोलंड म्हणाला.

कळत होतं, चांगलंच कळत होतं. पडताळणीला बसलं की तो रोज मनातल्या मनात इथे एक घर घ्यायचा. आजचं घर ओसरीवर झोपाळा असलेलं होतं. वरच्या खिडकीपाशी अभ्यासाचं टेबल. खालून कुणीतरी ओरडतंय, मोजा सापडत नाही म्हणून. शाळा चालत जाण्याइतकी जवळ, त्यामुळे कुणालाच घाई नाही. इथे राहावं असं त्याला फार वाटायचं, अगदी दुखेल इतकं. मग एखादी गाडी जायची आणि घर पुन्हा त्याच्या मालकाचं व्हायचं.

हॅस्लेटने मोठी जांभई दिली. "झोपच होत नाही हो. आमचा वॅफल रोज पहाटे मागच्या गल्लीकडे तोंड करून भुंकत सुटतो. आजही तेच. कचऱ्यावर रकून येत असणार."

"यंदा फार झालेत रकून."

पडताळणीची ही शेवटची सकाळ होती. आज मुलगी त्या घरातून बाहेर पडताना दिसली नाही, तर दुपारपर्यंत तिचं नाव कापलं जाणार आणि ती पुन्हा नदीपलीकडच्या शाळेत जाणार. त्या शाळेत वर्षभर रसायनशास्त्राला शिक्षकच नव्हता. इथे आल्यापासून नेरिसा प्रयोगशाळेतून हाकलल्याशिवाय बाहेर पडत नाही, असं तिच्या बाई सांगायच्या.

समोरचं दार उघडलं. झग्यावर कोट चढवलेली मिसेस ड्युवाल वाफाळता मग घेऊन रस्ता ओलांडून आली.

"घ्या साहेब. दोन साखर, दूध जास्त."

"आणि मला, मिसेस ड्युवाल?" हॅस्लेटने वाकून विचारलं.

"तुला तुझं घर आहे ना रे एवढं मोठं! त्यात कॉफी नाही का होत?"

ती परत गेली. थोड्या वेळाने वरच्या खिडकीत दिवा लागला. पडद्यावर एक सावली आली, केस बांधून गेली. हॅस्लेट पुढे सरसावून बसला.

मग दार पुन्हा उघडलं आणि नेरिसा बाहेर आली. पाठीवर दप्तर, तोंडात टोस्ट, एवढ्या थंडीत डोकं उघडं. म्हातारीने तिची कॉलर सारखी केली, गालावर एक चापट दिली.

"येते गं आजी!"

मुलगी गाडीजवळून गेली. तिने आत पाहिलंसुद्धा नाही. तिच्या उजव्या बुटाची नाडी सुटून लोळत होती. रोलंडचा हात काच खाली करायच्या बटणापर्यंत गेला आणि परत मांडीवर आला.

"म्हणजे राहते की खरंच," हॅस्लेट पुटपुटला.

"स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत ना? साक्षीदार म्हणून तुमचं नाव घालतो."

"घाला. पण म्हातारीला सांगू नका हं, तक्रार कोणी केली ते. शेजार आहे."

"नाही सांगत."

हॅस्लेट खांदे पाडून आपल्या घराकडे गेला. रोलंडने कॉफी शेवटच्या घोटापर्यंत पिऊन मग शांतपणे गाडी सुरू केली. धुकं विरळ झालं होतं. घरं एकेक करून जमिनीवर उतरत होती. ट्रम्पेटवाल्याला ती ओळ एकदाची जमली होती.

कोपऱ्यावरच्या मेपलखाली नेरिसा बुटाची नाडी बांधत होती. रोलंडने गाडी थांबवून मागची काच खाली केली. ती उठली, इकडेतिकडे पाहिलं, आत हात घालून लाल टोपी उचलली आणि कानांपर्यंत ओढून घेतली.

"आज पुन्हा भुंकला तो," ती म्हणाली. "उद्यापासून मागच्या गल्लीत नको, मला चर्चपाशीच सोड, बाबा."