घरासमोरचा थांबा

"आई, बाबांची गाडी पुलावर आली!" मोबाइलच्या नकाशावर सरकणारा ठिपका दाखवून मीरू गॅलरीत पळाली.

कल्याणीचा नवरा नितेश जाऊन वर्ष झालं होतं, तरी त्याची शटल धावत होती, ड्रायव्हरवाचून. त्याच्याच हाताखाली शिकलेली ती गाडी रोज त्याच्यासारखीच घरासमोर थांबे, दोनदा हॉर्न देई. प्रवाशांच्या तक्रारींवरून कंपनीने काल तिची ती खोड काढून टाकली.

आज ठिपका सरळ पुढे गेला.

"बाबा रागावले?"

"छे गं, घाईत असतील."

दुसऱ्या दिवशी गाडी थांबावी म्हणून कल्याणीने गुपचूप सीट बुक केली. गाडी थांबली. दार उघडलं, कुणी चढेना म्हणून मिटलं.

मीरूने वर केलेला हात खाली घेतला. "हॉर्न नाही दिला. ही दुसऱ्याच कुणाची तरी गाडी आहे गं, आई."