आई मोठी दिसेल

बायको गेल्यापासून टेलरकाका हॉलमध्ये नुसते बसून असायचे. शेवटी लेकीने घरातला कॉम्प्युटर टीव्हीला जोडला, जुनं सगळं व्हिडिओ शूटिंग त्यात भरलं आणि म्हणाली, "बाबा, आता आई मोठ्या पडद्यावर दिसेल."

बापलेक दुपारभर बघत बसले. वाढदिवस झाले, सहली झाल्या, पाहुणेरावळे येऊन गेले. पण आई काही दिसेना. दिसणार तरी कशी? कॅमेरा कायम तिच्याच हातात. मागून तेवढा आवाज यायचा, "अहो, हसा की जरा!"

"बाबा, एकदा तरी तुम्ही कॅमेरा धरला असेल ना?"

"धरला होता की! दुकान उघडलं त्या दिवशी."

लेकीने शोधून ते शूटिंग लावलं. आणि खरंच, दुकानाच्या दारात ती उभी होती. काकांनीच शिवलेले नवे कपडे घालून, थेट त्यांच्याकडे बघून हसत होती. काका खुर्चीतून पुढे सरकले.

तेवढ्यात टीव्हीतून त्यांचाच आवाज आला, "अगं, बाजूला हो ना जरा, पाटी झाकली जातेय."



आणि ती हसतहसतच बाजूला झाली.